रोग नाही, हे कशावरून?

६, ६, ६, ६+, ७, ९+, १०, १०+, ११+, १३, १६, १७+, १९+, २०+, २२, २३, २५+, ३२+, ३२+, ३४+, ३५+.

हे एकवीस आकडे म्हणजे रक्ताचा कर्करोग झालेले एकवीस कोवळे रुग्ण. वैद्यकातलं संख्याशास्त्र शिकणारा विद्यार्थी पुण्यातला असो की लंडनमधला, कधी ना कधी या आकड्यांवर हात बसवतोच. १९६३ साली एमिल फ्रायरायख आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी ते ‘ब्लड’ या नियतकालिकात छापले. तीव्र ल्युकेमिया झालेल्या मुलांना आधी प्रेडनिसोन दिलं गेलं. ज्यांचा आजार ओसरला, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत ज्यांना रिमिशन मिळालं, त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला ६-मरकॅप्टोप्युरिन, दुसऱ्याला दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. आजार किती आठवड्यांनी उलटतो ते मोजायचं. वरचे आकडे औषध घेणाऱ्यांचे. दुसऱ्या गटातले एकवीस आकडे १ पासून सुरू होतात आणि २३ वर संपतात. त्यांतल्या एकाहीपुढे अधिकचं चिन्ह नाही. त्या गटात आजार सगळ्यांचाच उलटला होता.

अधिकचं चिन्ह याचा अर्थ, हिशोब बंद केला त्या दिवसापर्यंत या मुलाचा आजार परतलेला नव्हता. ‘६+’ म्हणजे सहा आठवडे तर नक्की. पुढचं ठाऊक नाही. कदाचित सातव्या आठवड्यात उलटला असेल, कदाचित कधीच नाही. या चाचणीनं औषधाचा उपयोग ठामपणे दाखवला. औषध न मिळालेल्या गटात निम्म्या मुलांचा आजार आठ आठवड्यांच्या आत परतला होता, औषध घेणाऱ्यांत तेवढं व्हायला तेवीस आठवडे लागले. एकवीसपैकी अठरा जोड्यांत औषधाची सरशी झाली. उरलेल्या तीन जोड्यांकडेही पाहावं. एका जोडीत साधी गोळी घेणारं मूल बावीस आठवडे टिकलं आणि औषध घेणाऱ्याचा आजार सातव्या आठवड्यात उलटला. गटाबद्दलचं सत्य त्या एका घरासाठी खरं ठरलं नाही.

पण त्याहून खोल प्रश्न अधिकच्या चिन्हात आहे. एखाद्या शरीरात रोग ‘नाही’ हे आपल्याला कसं कळतं? जे नाही, त्याचं ज्ञान कुठून येतं? आणि ते ज्ञान किती दिवसांचं असतं?

हा प्रश्न भारतीय दर्शनांनी फार गांभीर्यानं घेतला होता. अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हा न्यायशास्त्राच्या विद्यार्थ्याचा पहिला ग्रंथ. यशवंत वासुदेव आठल्ये यांच्या टिपांसह त्याची आवृत्ती १८९७ साली मुंबईच्या संस्कृत मालिकेत निघाली आणि कॉलेजांतल्या कित्येक पिढ्या तिच्यावर शिकल्या. त्यात अभाव हा सातवा पदार्थ मानला आहे. मातीचं मडकं घडण्याआधी ते नसतं, हा प्रागभाव. त्याला सुरुवात नाही, पण मडकं झालं की तो संपतो. मडकं फुटलं की होतो तो प्रध्वंसाभाव. त्याला सुरुवात आहे, शेवट नाही. एकदा नष्ट झालेली वस्तू पुन्हा तीच होऊन येत नाही. अत्यंताभाव आणि अन्योन्याभाव हे आणखी दोन प्रकार. शिवाय जमिनीवरचं मडकं उचलून नेलं आणि पुन्हा आणून ठेवलं, तर मधल्या काळापुरतं जे ‘नसणं’ असतं, त्याला काही नैयायिकांनी सामयिकाभाव असं वेगळं नाव दिलं.

रक्ताच्या कर्करोगात ‘बरा झाला’ असं म्हणणं म्हणजे प्रध्वंसाभावाचा दावा करणं. आजार संपला, आता हा अभाव अनंत आहे. रिमिशन मात्र फक्त सामयिकाभाव असू शकतं. पहिल्या दिवशी दोन्ही अगदी सारखे दिसतात. ताप नाही, गाठी नाहीत, रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ. फरक पडतो तो फक्त पुढे काय होतं यानं. आणि चाचणी तर दोन, पाच, फार तर दहा वर्षांत संपते. अनंताचा दावा सांत मापानं कसा सिद्ध करायचा, हा या क्षेत्राचा मूळ पेच आहे, आणि तो यंत्रं सुधारली म्हणून सुटणारा नाही.

१९४८ मध्ये बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ॲमिनॉप्टेरिन हे औषध दिलेल्या, तीव्र ल्युकेमिया झालेल्या सोळा मुलांची हकिगत छापली. दहा मुलांत सुधारणा झाली होती. त्याआधी या आजारात मूल काही आठवड्यांत, काही महिन्यांत जायचं. औषधानं तो ओसरू शकतो हे पहिल्यांदाच दिसत होतं. हे औषध पुरवणाऱ्या लेडर्ली कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच वर्षी ते वारले. फार्बर यांनी लेखाच्या शीर्षकातच ही सुधारणा ‘तात्पुरती’ असल्याचं म्हटलं. एवढा मोठा शोध हाती असताना तो एक शब्द शीर्षकात घालायला जो संयम लागतो, तो नंतरच्या काळात फार वेळा दिसलेला नाही.

सुब्बारावांच्या औषधानं ओसरलेला आजार परत का यायचा, याचं उत्तर ‘न दिसण्या’त होतं. निदानाच्या वेळी शरीरात रोगट पेशी साधारण एक लाख कोटी असतात. सूक्ष्मदर्शकाखाली अस्थिमज्जेत त्यांचं प्रमाण पाच टक्क्यांखाली आलं, की रिमिशन जाहीर होतं. पण त्या दिवशीही एक हजार कोटींपर्यंत पेशी शिल्लक असू शकतात. रिपोर्ट चुकीचा नसतो, फक्त त्याची नजर तेवढ्यावरच थांबते.

कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांनी इथेच बोट ठेवलं होतं. न दिसणं हेही ज्ञानाचं साधन आहे असं ते मानत आणि त्याला त्यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण म्हटलं. अट मात्र कडक होती. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. उजेडात जमिनीवर मडकं दिसत नाही, म्हणून ते नाही असं म्हणता येतं. अंधाऱ्या खोलीत मडकं दिसलं नाही, तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. या अटीला योग्यता म्हणतात. रक्तरोगतज्ज्ञांनी गेल्या चाळीस वर्षांत जे केलं ते मुख्यतः ही योग्यता वाढवण्याचं काम आहे. फ्लो सायटोमेट्रीनं दहा हजारांत एक रोगट पेशी पकडता येऊ लागली, पीसीआरनं लाखात एक, आणि जनुकांची अक्षरं वाचणाऱ्या नव्या तंत्रानं दहा लाखांत एक. ज्या मुलाला १९८० मध्ये ‘आजार नाही’ असं सांगितलं गेलं असतं, त्याच मुलाला आज ‘थोडा शिल्लक आहे’ असं सांगून उपचार वाढवले जातील. दिवा मोठा झाला.

तरीही दिवा म्हणजे दिवाच. २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या एका अभ्यासात, ल्युकेमिया उलटलेल्या मुलांच्या निदानाच्या वेळच्या आणि उलटल्यानंतरच्या पेशींची जनुकं शेजारी ठेवून पाहिली गेली. बहुतेक मुलांत उलटून आलेल्या पेशी पहिल्या वेळच्या मुख्य पेशींसारख्या हुबेहूब नव्हत्या. अनेकदा त्यांचा उगम त्याहूनही आधीच्या, पूर्वज म्हणाव्यात अशा पेशींत सापडला. पुढचा पसारा औषधानं नष्ट केला होता, पण मागे दडलेलं मूळ तसंच होतं. नैयायिक म्हणाला असता, प्रध्वंस झालाच नव्हता, तुम्ही दुसरंच मडकं फोडलंत.

म्हणून शेवटी काळाकडे यावं लागतं. दिवा जिथे पोचत नाही, तिथे काळ पोचतो. लपलेली पेशी असेल, तर ती वाढेल आणि एक दिवस दिसेल. पण वाट पाहताना सगळे रुग्ण एकाच दिवशी चाचणीत येत नाहीत. कुणी पाच वर्षं पाहिला गेला, कुणी पाच महिने. ही अपुरी आयुष्यं एकत्र कशी मोजायची, याची रीत १९५८ मध्ये एडवर्ड कॅप्लन आणि पॉल मायर यांनी दिली. मायर कर्करोगाच्या रुग्णांचा अभ्यास करत होते. कॅप्लन बेल लॅबमध्ये होते आणि समुद्राखालच्या टेलिफोन केबलमध्ये बसवलेल्या निर्वात नळ्या किती काळ टिकतात हे मोजत होते. दोघांचं गणित एकच निघालं आणि दोन लेखांचा एक लेख झाला. आज कुठल्याही कर्करोग-परिषदेत पडद्यावर जो पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा आलेख दिसतो, तो त्यांचा. प्रत्येक पायरी म्हणजे कुणाचा तरी मृत्यू किंवा उलटलेला आजार. आडव्या रेघेवरची प्रत्येक बारीक उभी खूण म्हणजे ते अधिकचं चिन्ह.

या पद्धतीचं मोठेपण असं की अर्धवट माहिती ती फेकून देत नाही आणि पूर्ण असल्याचं सोंगही करत नाही. ‘६+’ असलेलं मूल सहाव्या आठवड्यापर्यंत हिशोबात राहतं आणि मग सन्मानानं बाजूला होतं. ज्ञानाच्या बाबतीत इतकी प्रामाणिक युक्ती क्वचितच सापडते.

आलेख काही वर्षांनी आडवा होत जातो. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियात तो आडवा झालेला दिसला, तेव्हाच डॉक्टरांनी ‘बरा होतो’ असं म्हणायचं धाडस केलं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांच्या गटानं १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरू केलेल्या उपचारात जवळपास निम्मी मुलं त्या सपाट रेघेवर टिकली. आज श्रीमंत देशांत हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास आहे. पण रेघ वाचताना एक गोष्ट विसरली जाते. आलेखाच्या उजव्या टोकाला माणसं फार थोडी उरलेली असतात. दोनशे जणांची चाचणी असली, तरी सातव्या वर्षाची रेघ कदाचित अकरा जणांच्या आधारावर उभी असते. रेघ सपाट दिसते, कारण खाली उतरायला माणसंच नसतात. प्रध्वंसाभावाची ग्वाही अशा टोकावरून देणं म्हणजे पुन्हा अंधाऱ्या खोलीत मडकं शोधणं.

कॅप्लन-मायर पद्धतीत एक गृहीतक दडलेलं आहे आणि भारतात ते फार महाग पडतं. जो हिशोबातून बाहेर पडला, त्याचं पुढे तेच होईल जे राहिलेल्यांचं होतं, असं ती मानते. चाचणीची मुदत संपली म्हणून बाहेर पडलेल्याबद्दल हे ठीक. पण परळच्या टाटा रुग्णालयात बिहारमधून, बंगालमधून, विदर्भातून आलेलं कुटुंब चौथ्या महिन्यात पैसे संपले म्हणून, धाकट्या मुलांना बघायला कुणी नाही म्हणून, पेरणी आली म्हणून गावी निघून जातं, तेव्हा त्या मुलाच्या नावापुढे अधिकचं चिन्ह लावणं हे असत्य आहे. उपचार अर्धवट सुटलेल्या मुलाचं भवितव्य राहिलेल्या मुलांसारखं नसतं. त्याला नुसतं बाजूला केलं, तर आलेख सुंदर दिसतो आणि मूल गायब होतं.

बाल-कर्करोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या एका गटानं यावर भूमिका घेतली. ठरलेल्या उपचारांत सलग चार आठवडे किंवा त्याहून जास्त खंड पडला, तर तो ‘उपचार सोडणं’ धरायचा, आणि निकाल मांडताना अशा मुलाला अपयशाच्या बाजूला मोजायचं. डॉक्टरांसाठी हा आकडा कडू आहे. त्यांच्या औषधाचा काही दोष नसताना यशाची टक्केवारी खाली येते. पण हाच आकडा खरा आहे. यातून दिसतं की दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा आणि कर्करोगग्रस्त मुलांच्या कुटुंबांना बिनभाड्यानं राहायला जागा देणारी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं उपचारांच्या बाहेरची नाहीत. तिथे मिळालेली खोली आणि दोन वेळचं जेवण जिवंत राहण्याच्या आलेखात उतरतं. गाडगेबाबांनी धर्म कशाला म्हणायचं हे आयुष्यभर झाडू हातात घेऊन सांगितलं. त्यांच्या नावाच्या वास्तूचा परिणाम आज संख्याशास्त्राच्या भाषेतही मांडता येतो, याचं मोल मोठं आहे.

आता प्रश्नाची दुसरी बाजू. समजा दिवा उत्तम आहे, मोजणी प्रामाणिक आहे, आणि रोग खरोखरच दिसत नाही. तेवढं पुरे का?

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात रुग्ण आता बरीच वर्षं जगतात, त्यामुळे नवं औषध आयुष्य वाढवतं का हे कळायला दहा वर्षंही लागू शकतात. तोवर थांबायचं कसं, हा प्रश्न रास्त आहे. म्हणून आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ मोजतात, किंवा शिल्लक रोग सापडतो का ते पाहतात. १२ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेच्या, म्हणजे एफडीएच्या, सल्लागार समितीनं मायलोमात ‘शिल्लक रोग सापडत नाही’ हा निकष लवकर मंजुरीसाठी ग्राह्य धरावा, असा कौल १२ विरुद्ध ० मतांनी दिला. ज्याच्याजवळ दहा वर्षं नाहीत, त्या रुग्णाच्या दृष्टीनं हा निर्णय योग्यच आहे.

पण त्याच आजारातली बेलिनी नावाची चाचणी या वाटेवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायला हवी. २९१ रुग्ण होते. १९४ जणांना नेहमीच्या औषधांबरोबर व्हेनेटोक्लॅक्स, ९७ जणांना त्याजागी प्लेसिबो, म्हणजे औषध नसलेली गोळी. आजार वाढेपर्यंतचा मध्यकाल साडेअकरा महिन्यांवरून २२.४ महिन्यांवर गेला. शिल्लक रोग न सापडणाऱ्यांचं प्रमाणही नव्या औषधाच्या गटात जास्त. प्रत्येक दिवा शुभ सांगत होता. आणि मृत्यू मोजले तेव्हा व्हेनेटोक्लॅक्सच्या गटात ४१ निघाले, प्लेसिबोच्या गटात ११. टक्केवारीनं पाहिलं तर जवळपास दुप्पट, आणि त्यात संसर्गानं झालेल्या मृत्यूंचा मोठा भाग होता. मार्च २०१९ मध्ये एफडीएनं मायलोमातल्या या औषधाच्या चाचण्यांत नवे रुग्ण घेणं थांबवायला लावलं. हेच औषध इतर काही रक्तकर्करोगांत आज अतिशय मोलाचं आहे, त्यामुळे दोष औषधाचा म्हणून सोडून देता येत नाही. दोष त्या समजुतीचा होता, जिच्यात रोगाचा अभाव आणि माणसाचं असणं एकच मानलं गेलं.

मायलोमाचा रुग्ण मोजणी करतो ती वेगळीच. औषधानं चार महिने जास्त मिळाले, पण त्यांतले किती दिवस दवाखान्याच्या बाकावर, सलाइनखाली, रक्त चढवण्यासाठी, रिपोर्टची वाट बघण्यात गेले? मार्कंडेयाच्या कथेत त्याचे वडील मृकंडू यांच्यापुढे निवड ठेवली होती: दीर्घायुषी पण मंद मुलगा, की सोळाच वर्षं जगणारा पण तेजस्वी. पुराणकथेनं पुढे मार्कंडेयाला मृत्यूपासून सोडवलं, म्हणून ती निवड किती अवघड होती हे आपण विसरतो. अलीकडे काही कर्करोगतज्ज्ञ उपचारांत खर्ची पडलेला काळ हादेखील औषधाचा दुष्परिणाम म्हणून मोजावा असं म्हणू लागले आहेत. ही मोजणी सगळ्या चाचण्यांत यायला हवी. मिळालेल्या काळातून गेलेला काळ वजा न करता दिलेला आकडा अपुरा असतो.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियानं तर अभावाचा प्रश्नच उलटा करून दाखवला. २००१ मध्ये मंजूर झालेल्या इमॅटिनिबनं या आजाराचं रूप बदललं. गोळी घेत राहिलं, की रोगाचं जनुकीय चिन्ह इतकं कमी होतं की पीसीआरलाही सापडत नाही. मग गोळी सोडली तर? फ्रान्समधल्या डॉक्टरांनी हेच तपासलं. किमान दोन वर्षं चिन्ह न सापडलेल्या शंभर जणांनी २००७ ते २००९ या काळात गोळी बंद केली. ज्यांच्यावर किमान बारा महिने लक्ष ठेवलं गेलं होतं अशा ६९ जणांपैकी ४२ जणांचा आजार परतला, आणि त्यांतल्या ४० जणांचा पहिल्या सहा महिन्यांतच. त्यांना पुन्हा गोळी सुरू केल्यावर आजार पुन्हा आटोक्यात आला. उरलेल्यांचा परतला नाही.

या उरलेल्यांत रोगाचा प्रध्वंस झाला होता का? अशाच गोळी सोडलेल्या काही रुग्णांच्या रक्तात ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना अधिक सूक्ष्म तपासणीत रोगाचं चिन्ह सापडलं. रुग्ण मात्र ठणठणीत होते. त्याहून विलक्षण म्हणजे, हेच चिन्ह अगदी अल्प प्रमाणात पूर्ण निरोगी माणसांच्या रक्तातही सापडतं, हे १९९० च्या दशकातच दिसून आलं होतं. म्हणजे दिवा पुरेसा मोठा केला, तर मडकं निरोगी घरांतही निघतं. इथे प्राभाकर मीमांसकांचं म्हणणं आठवतं. अभाव नावाचा वेगळा पदार्थ नाहीच, असं ते म्हणत. मडक्याचा अभाव म्हणजे नुसती ती जमीन. या रुग्णांच्या बाबतीत ते पटतं. त्यांच्यात ‘रोग नसणं’ अशी काही वस्तू शोधून सापडत नाही. गोळीशिवाय चालणारं त्यांचं रोजचं आयुष्य हीच काय ती वस्तुस्थिती आहे, आणि तिलाच बरं होणं म्हणावं लागतं.

काळाचा हाच हिशोब आता भारतातल्या एका नव्या उपचाराबाबत सुरू झाला आहे. जून २०२१ मध्ये खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये, म्हणजे टाटा स्मारक केंद्राच्याच संस्थेत, आयआयटी मुंबईत विकसित झालेल्या कार-टी पेशी, म्हणजे कर्करोगावर हल्ला करण्यासाठी जनुक बदललेल्या रोगप्रतिकारक पेशी, पहिल्यांदा एका रुग्णाला दिल्या गेल्या. त्यातून आलेल्या नेक्सकार१९ ला भारतात ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. अशा पेशी किती टिकतात याची थोडी कल्पना अमेरिकेतून आली आहे. २०१० मध्ये अशा पेशी दिलेल्या दोन प्रौढ रुग्णांच्या शरीरात त्या दहा वर्षांनंतरही सापडल्या आणि आजार परतला नव्हता. दोन माणसं म्हणजे आलेख नव्हे. जनुक बदललेल्या पेशी दिलेल्यांवर पंधरा वर्षं लक्ष ठेवावं, असं एफडीएचं मार्गदर्शन आहे. त्याच मापानं खारघरच्या पहिल्या रुग्णाचा हिशोब २०३६ मध्ये पूर्ण होईल.

तोवर पत्ते बदलतील, मोबाइल नंबर बंद होतील, लग्नं होऊन आडनावं बदलतील, निवासी डॉक्टर दुसऱ्या गावी जातील. गावाकडच्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट मुंबईला पोचला तरच त्या आलेखावर एक खूण उमटेल. चाचणीच्या अंदाजपत्रकात औषधाला, यंत्रांना आणि पहिल्या दोन वर्षांना पैसा मिळतो. बाराव्या वर्षी रुग्णाच्या घरी फोन करणाऱ्या समाजसेविकेचा पगार त्यात बहुधा नसतो. काळ हेच जर या विद्येतलं शेवटचं प्रमाण असेल, तर तो पगार पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरायला हवा, आणि औषधाला मंजुरी देताना सरकारनं तो धरला आहे की नाही हे विचारायला हवं.